हो आंटींचं टेबल

आडनाव ‘हो’, पण त्या बाईंइतकं ‘ना’ म्हणणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

शारजाला अल मजाजमधल्या टॉवरमध्ये आम्ही राहायला आलो, तेव्हा समोरच्या दारावर पितळेची छोटी पाटी होती. त्यावर दोनच इंग्रजी अक्षरं. सामान आत घेता घेता सतीशने, माझ्या नवऱ्याने, ती मोठ्याने वाचली, “हो.” मी आतून विचारलं, “कशाला हो?” तो म्हणाला, “तुला नाही गं, समोरच्यांचं नाव आहे ते.” पुढे सांगलीला आईला फोनवर “हो आंटींकडे निघालेय” असं सांगितलं की ती दर वेळी म्हणायची, “बरं, जा. पण कुठल्या आंटींकडे?”

हो आंटी कोलकात्याच्या चिनी. जन्म शिलाँगचा, लग्न कोलकात्यात आणि संसार इथे आखातात. नवरा दुबईतल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये शेफ. आंटी बुटक्या, काटक. पांढरे केस स्वतःच कात्रीने कापायच्या, त्यामुळे ते कधीच दोन्ही बाजूंना सारखे नसत. मनगटावर पुरुषी घड्याळ. त्यांची हिंदी कोलकात्याच्या बाजारातली होती, तीत बाई आणि बुवा असा भेद नव्हता. मलाही त्या ‘तुम आएगा, तुम खाएगा’ असंच म्हणत. माझं नाव वैशाली, त्यांच्या तोंडी ते शेवटपर्यंत बैशालीच राहिलं.

कुणी नवं माणूस भेटलं की आंटी आधी त्याच्या पायांकडे बघायच्या. त्यांच्या वडिलांचं शिलाँगला बुटांचं दुकान होतं. माझी त्यांची पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. त्यांनी माझ्या चपला न्याहाळल्या आणि म्हणाल्या, “पाँच नंबर. लेकिन पहनता है छे.” खरं होतं ते. मी हसले. मग त्यांनी मान वर करून पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “रमी आता है?”

म्हटलं, रमी काय, तीनशे चार, मेंढीकोट, बदाम सात, सगळं येतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं दुसरं करायचो काय!

“ना,” आंटी म्हणाल्या. “सब भूल जाओ. संडे चार बजे आओ.”

त्यांच्या घरातून येणारा आवाज आम्ही आधीपासून ऐकत होतो. रविवारी दुपारी समोरून खळखळ, खळखळ असं काहीतरी चालायचं. सतीशचं म्हणणं, ते लोक शंख-शिंपले धुवून शिजवतात. रविवारी मी गेले तर हॉलमध्ये एक चौकोनी टेबल, चार खुर्च्या आणि टेबलावर पालथ्या घातलेल्या पांढऱ्या-हिरव्या सोंगट्यांचा ढीग. दोन बायका तळहातांनी त्या घोळत होत्या. तो हा आवाज. खेळाचं नाव माहजाँग. चौघी लागतात. त्यांची चौथी, एक श्रीलंकन बाई, नवऱ्याचा व्हिसा संपल्यावर गेल्या महिन्यात कोलंबोला परत गेली होती. इथे माणसं अशी अचानक कमी होतात, त्याची कुणी फार चर्चा करत नाही. खुर्ची भरायला माणूस शोधायचं.

उरलेल्या दोघींपैकी एक रोझी. ही वसईची, दुबईत हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला. सकाळी मास करून, जेवून, नेलपॉलिश न बिघडू देता खेळायला यायची. मला बघून म्हणाली, “बरं झालं गं बाय, मराठीत बोलायला कोणीतरी आलं.” लगेच आंटींनी तिच्या हातावर चापट मारली. टेबलावर बोलायचं नाही. दुसरी तेरेसिता, फिलिपिन्सची, क्लिनिकमध्ये नर्स. तिच्या देशात हाच खेळ थोडा वेगळा खेळतात, त्यामुळे सुरुवातीला ती दर डावाला म्हणायची, “आमच्याकडे असं नसतं.” आंटी म्हणायच्या, “तुम्हारे पास जाके खेलेगा तब देखेगा.”

खेळ ऐकायला सोपा. प्रत्येकीकडे तेरा सोंगट्या, उरलेल्यांची टेबलावर भिंत रचायची. त्या भिंतीतली एक उचलायची, हातातली एक टाकायची, रमीसारखे गट जुळवायचे. काही सोंगट्यांवर गोल, काहींवर बांबू, काहींवर चिनी अक्षरं. शिवाय चार दिशांचे वारे आहेत, ड्रॅगन आहेत. दुसरीने टाकलेली सोंगटी आपल्याकडच्या जोडीला लागली तर ‘पोंग’ ओरडून ती घ्यायची. सगळं जुळलं की ‘हू’. मला अक्षरंच कळेनात. आंटींनी मला लिहून काही दिलं नाही. त्यांनी माझा अंगठा धरला, सोंगटीच्या कोरीव भागावर फिरवला आणि म्हणाल्या, “आँख बाद में.” कितीतरी रविवार मी भाकरी थापणारीने पीठ चाचपावं तशी सोंगट्या चाचपत बसले होते. मग एके दिवशी बघण्याआधीच बोटाला कळलं, ही सातची. मी आनंदाने “सात!” असं ओरडले. अर्थात सगळ्या टेबलाला कळलं की बैशालीला सात आली.

“कल पेपर में भी दे देना,” आंटी म्हणाल्या.

मी एखादी सोंगटी पुढे-मागे लागेल म्हणून धरून बसले, की त्यांच्या लक्षात यायचंच. “शादी करेगा उससे? फेंको.” एकदा टाकलेली परत घ्यायला गेले तर मनगटच धरलं. “ना. खलास.” एकदा माझं डोकं दिशांवरून अडलं. या टेबलावर पूर्वेच्या उजव्या हाताला दक्षिण बसते, म्हणजे नकाशाच्या अगदी उलट. मी बाकायदा टिश्यूपेपरवर नकाशा काढून दाखवला. आंटींनी तो घेतला, चहाच्या ग्लासाखाली ठेवला आणि विचारलं, “बारी किसका है?”

बारी माझीच होती.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला या रागावण्याची गरज होती. मुलगा कॅनडाला शिकायला गेला होता. फोनवर मी मराठीत विचारायचे, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि संभाषण दोन्ही भाषांत लवकर संपायचं. दिवसभरात मला कुणी काही चुकलं म्हणून सांगणारंही नव्हतं. आंटींनी ते मनापासून केलं. त्यांनी मला कधी सांत्वनाचा शब्द दिला नाही. मुलाची आठवण येऊन डोळे भरले तर म्हणाल्या, “रोना है तो रोओ, लेकिन सोंगटी... क्या बोलता है तुम?... हाँ, सोंगटी गीला मत करो.” सोंगटी हा शब्द त्यांना फार आवडला होता. टोरांटोच्या बहिणीशी त्या हाक्कात, म्हणजे त्यांच्या चिनी बोलीत, मोठमोठ्याने बोलायच्या, आणि त्या अगम्य बोलण्यात मधूनच ‘सोंगटी’ ऐकू यायचं.

हो अंकल आमच्यात बसायचे नाहीत. सुट्टी असली की ते आत भाज्या चिरत असत आणि चार-साडेचार वर्षांत माझ्याशी सगळं मिळून पाच-दहा वाक्यं बोलले असतील. आम्ही खेळत असताना ते वाफाळत्या मोमोंची परात आणून ठेवायचे, आंटींच्या खांद्यामागे उभे राहून त्यांच्या सोंगट्या बघायचे आणि एकदाच ‘च्च’ करायचे. आंटी मागे न बघता म्हणायच्या, “किचन!” अंकल परत किचनमध्ये. एवढाच त्यांचा संवाद, पण तो चुकला तर आंटींचा खेळ बिघडायचा.

एका रविवारी चार-पाच डाव झाले असतील, दारावरची बेल वाजली. रोझीने दार उघडलं. बिल्डिंगचा सुपरवायझर, आणि त्याच्यासोबत युनिफॉर्ममधला एक तरुण पोलीस. खालच्या मजल्यावरून कुणीतरी तक्रार केली होती की या फ्लॅटमध्ये दर आठवड्याला जुगार चालतो. इथे जुगाराला सक्त मनाई. माझ्या डोळ्यांपुढे सतीशची नोकरी, व्हिसा, सगळं आलं. तेरेसिताने छातीवर क्रॉस केला.

पोलीस पोरगेलासा होता आणि आमच्याइतकाच अवघडलेला. टेबलाजवळ येऊन त्याने एक सोंगटी उचलली. “शू हादा?” म्हणाला. हे काय? मग बोटं चोळून विचारलं, “फुलूस?” म्हणजे पैसे.

गुण मोजायला आम्ही राजमा वापरायचो. रोझीने राजम्याची वाटी त्याच्यापुढे धरली. हॉटेलात गेस्टशी बोलतात त्या आवाजात म्हणाली, “नो फुलूस, सर. ओन्ली राजमा. जो जीता, वो बाद में पकाएगा.” तो वाटीकडे बघत राहिला आणि एकदम हसला. सुपरवायझरही हसला. त्या मुलाने सोंगटी होती तिथे नीट ठेवली आणि म्हणाला, “मामा, साउंड कम करो. टेबल पे ब्लँकेट डालो.” दोन मिनिटांत प्रकरण मिटलं.

मामा म्हणजे इथे आई. तो आमच्या मागे बघत बोलला होता, कारण आंटी टेबलाशी नव्हत्याच.

त्या बेडरूमच्या दारात उभ्या होत्या. पायांत बंद बूट, उन्हाळा असूनही अंगात स्वेटर आणि हातात एक कापडी बॅग. बॅग आत्ता भरलेली नव्हती, कधीपासूनची भरलेली असावी, तिच्या घड्या तशा बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक. आत स्वयंपाकघरात अंकलनी गॅस बंद केला होता.

“आंटी, गेला तो,” रोझी म्हणाली. “काही नाही. अहो, बॅग कशाला?”

आंटींनी दाराकडे बघितलं, मग आमच्याकडे. बूट काढून जोडीने लावून ठेवले. खुर्चीवर येऊन बसल्या. अंकलनी न सांगता चहा आणून ठेवला आणि या खेपेला ते तिथेच उभे राहिले.

मग आंटींनी सांगितलं. बासष्टच्या चीनबरोबरच्या लढाईच्या वेळी त्या सात वर्षांच्या होत्या. संध्याकाळी शिलाँगच्या त्यांच्या दारात पोलीस आले. अगदी सभ्यपणे बोलले. म्हणाले, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, एकेक बॅग घ्या. आई स्वयंपाक करत होती, भात चुलीवर होता. आंटींना सपाता घालून नेलं, बूट घ्यायचे राहिले. बुटांच्या दुकानदाराची मुलगी सपाता घालून, कित्येक दिवस रेल्वेने प्रवास करून राजस्थानच्या वाळवंटातल्या छावणीत पोचली. गुन्हा काही नव्हता, चेहरा चिनी होता. थोडे दिवस म्हणता म्हणता वर्षं गेली. सुटून परत आले तेव्हा दुकान आणि घर लिलावात गेलेलं. वडील पुन्हा शिलाँगमध्ये राहिले नाहीत. कोलकात्याला आले, दुसऱ्याच्या दुकानात तळवे शिवत राहिले.

“वहाँ कैंप में सीखा ये,” आंटींनी सोंगट्यांवर हात ठेवला. छावणीतल्या बायकांनी रेशनच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले होते, त्यांवर कोळशाने खुणा केल्या होत्या. घामाने कोळसा पुसला जायचा, मग पुन्हा काढायचा. आई दुपारी खेळायची आणि आंटी तिच्या मांडीला टेकून बघायच्या. “खाना कब, सोना कब, सब वो लोग बोलता था. लेकिन कौन सा फेंकना है, ये माँ खुद सोचता था. सोचने में कितना टाइम लगाता था! सब औरत चिल्लाता था उसके ऊपर.” आणि आंटी हसल्या. मला वाटतं, त्या सगळ्या हकिगतीत आईचं ते रेंगाळणंच त्यांना सर्वांत जवळचं होतं. म्हणूनच की काय, टेबलावर कुणी वेळ लावला तर त्या ओरडायच्या खऱ्या, पण थांबायच्याही.

तेरेसिताने हळूच विचारलं, “आंटी, आर यू अँग्री?”

“किसपे?” आंटी म्हणाल्या. “वो पुलिसवाला तो मर गया होगा अभी.” मग त्यांनी डाव सुरू करायचे फासे उचलले. “चलो. ब्लँकेट लाओ.”

त्यानंतर आम्ही जाड ब्लँकेट घालून खेळू लागलो. ती बॅग कुठे गेली ते कुणी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी, कडक उन्हाळ्यात, हो अंकल गेले. हॉटेलातून परतताना बसस्टॉपवरच छातीत दुखलं, हॉस्पिटलात नेईपर्यंत संपलं होतं. अबुधाबीहून मुलगी लिंडा आली, ती तिथे फिजिओथेरपिस्ट. अंत्यविधी, कागदपत्रं, हॉटेलचा हिशेब, सगळं तिने निस्तरलं. पण आंटींचा इथला व्हिसा अंकलच्या नावावर होता. तो आता संपणार. लिंडाने आईला आपल्याकडे घ्यायचं म्हणून अर्ज केला. मंजूर होईल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. झाला नाही तर कोलकाता, आणि कोलकात्यात आता त्यांचं कुणीच उरलेलं नव्हतं. बहीण म्हणत होती, टोरांटोला ये. आंटी म्हणत होत्या, ना.

मी रोज डबा घेऊन जायचे. तो तसाच परत यायचा, स्वच्छ घासून आणि त्यात बाल्कनीतल्या कुंडीतली कोथिंबीर घालून.

आणि एका शनिवारी मेसेज आला. संडे, चार बजे.

आम्ही तिघी वेळेआधी पोचलो. टेबल मांडलेलं होतं. आंटी नेहमीसारख्याच, फक्त घड्याळ दुसरं होतं, अंकलचं. पहिले डाव आम्ही सगळ्याच वाईट खेळलो. मध्येच एकदा आंटींची मान किंचित मागे वळली, किचनकडे. मग त्यांनी हातातली एक सोंगटी टाकली, सहा गोल.

तेरेसिताचा हात उठल्यासारखा झाला आणि खाली गेला. तिने भिंतीतली नवी सोंगटी उचलली, दुसरीच काहीतरी टाकली. डाव पुढे चालू राहिला. भिंत संपली, कुणीच जिंकलं नाही. अशा वेळी सगळं मोडून पुन्हा घोळायचं असतं. आम्ही हात पुढे केले, तोच आंटी म्हणाल्या, “रुको.”

त्यांनी टेबलावरून हात लांब करून तेरेसिताच्या सोंगट्या उलथ्या केल्या. सगळं जुळलेलं होतं. फक्त सात आणि आठ गोल शेजारी उभे होते, सहाची वाट बघत.

“तुम हू क्यों नहीं बोला?”

तेरेसिता रडायला लागली. “आंटी, आय कुडन्ट...”

“क्यों? हमारा हस्बंड मर गया. हम मरा क्या?” आंटींचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. “सब लोग हमको ऐसा देखता है. वॉचमन लिफ्ट पकड़ के रखता है. लिंडा हमारा पानी भर के देता है. यहाँ, ये टेबल पे भी? यहाँ पे भी तुम हमको फोकट में देगा?”

तेरेसिता उठून त्यांच्या गळ्यात पडायला गेली. आंटींनी तिला दोन्ही हातांनी लांब धरलं. तसं धरून ठेवलं, सोडलंही नाही. खूप वेळ त्या तशाच होत्या, एक रडत आणि एक तिला दंडांना धरून. मग आंटी खालच्या आवाजात म्हणाल्या, “बोलो.”

“व्हॉट?”

“हू बोलो.”

तेरेसिता नाक ओढत म्हणाली, “हू.”

“हाँ,” आंटी म्हणाल्या आणि राजम्याची वाटी तिच्याकडे सरकवली. मग त्या स्वतः रडल्या. अंकल गेल्यापासून पहिल्यांदाच, लिंडा नंतर म्हणाली. आम्ही खुर्च्यांवर बसून राहिलो. रोझीने फक्त एवढंच केलं की उठून किचनमधला दिवा लावला.

व्हिसा झाला. इन्शाल्ला इन्शाल्ला म्हणत लिंडाने दोन महिने काढले आणि शेवटी शिक्का मिळाला. आंटींनी फ्लॅट रिकामा केला. सोफा, कपाटं, पातेली वाटून टाकली. मला मोमोंची परात मिळाली. सोंगट्यांची पेटी त्यांनी कुणाला दिली नाही. जाताना मिठी वगैरे मारली नाही. दारात उभं राहून माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, “अभी भी छे नंबर.”

आम्ही तिघींनी नंतर नव्या सोंगट्या आणून चौथी शोधून पाहिली. एक-दोघी आल्याही. मग रोझीची ड्यूटी बदलली आणि रविवार हळूहळू सुटला.

अबुधाबीला जायचं जायचं म्हणत मला सात-आठ महिने लागले. सतीशचं तिथे एका साइटवर काम निघालं, त्याच्या गाडीतून गेले. लिंडाने पत्ता पाठवला होता, आणि सांगितलं होतं, आई घरी नसेल, खालच्या क्लबहाउसमध्ये बघ. वाटेत मी ठरवत होते, काय बोलायचं. एकटं वाटतं का विचारायचं, हवापालटाला चार दिवस शारजाला चला म्हणायचं. घरी केलेले रव्याचे लाडू सोबत होते.

क्लबहाउसच्या काचेतून आधी तो आवाज आला. खळखळ, खळखळ.

आंटी दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. टेबलाला आणखी तिघी होत्या. एक इजिप्शियन असावी, एक अगदी तरुण मल्याळी मुलगी, गरोदर, आणि एक उंच गोरी बाई, जी हातातल्या सोंगटीकडे नुसती बघत होती. आंटी तिच्यावर ओरडत होत्या, “यू वाँट टू मॅरी इट? थ्रो! यल्ला!”

मी दारात थबकले. खरं सांगते, क्षणभर मला वाईट वाटलं. चारही खुर्च्या भरलेल्या होत्या.

मग त्यांनी मला बघितलं. उठल्या नाहीत. चेहऱ्यावर आनंद आला आणि लगेच आवरला गेला. “बैशाली,” म्हणाल्या, “पीछे बैठो. बोलना नहीं.”

मी एक स्टूल ओढून त्यांच्या मागे बसले. एवढी वर्षं मी त्यांच्या समोर किंवा बाजूला बसून खेळले, पण त्यांच्या सोंगट्या त्यांच्या बाजूने कधी पाहिल्या नव्हत्या. आता तेराच्या तेरा माझ्यासमोर होत्या. एकीला दुसरी लागत नव्हती. एक वारा, एक ड्रॅगन, तुटके बांबू, नुसते सुटे गोल. याहून वाईट हात मी पाहिलेला नाही. तिघी मात्र त्यांच्याकडे अशा धास्तीने बघत होत्या, जणू पुढच्या उचलीला हो आंटी जिंकणारच आहेत.

आंटींनी भिंतीतली एक उचलली, अंगठा फिरवला, वेळ घेतला. खूप वेळ घेतला. मग तीच खणकन टेबलाच्या मधोमध टाकली आणि मान ताठ करून म्हणाल्या, “नेक्स्ट.”